दोर नसलेली लिफ्ट

लग्नकार्यात माझा भाऊ ओळख करून देतो, "ही आमची ताई, लिफ्ट इन्स्पेक्टर होती." समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काय हो, दोर तुटला तर?"

एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकतीस वर्षं हाच प्रश्न ऐकला. म्हणून उत्तर इथेच देऊन टाकते. लिफ्टला एक दोर नसतो, चार-सहा असतात, आणि त्यातला कुठलाही एक भरलेली लिफ्ट पेलू शकतो. समजा सगळे तुटले, तरी केबिनच्या खाली एक जबडा असतो. वेग वाढला की तो दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतो आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. दोर तुटून माणूस गेल्याची एकही केस माझ्या हातून गेलेली नाही. माणसं जातात ती दारामुळे. लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर, दार मात्र उघडं, आणि गृहस्थ फोनवर बोलत आत पाऊल टाकतात. त्यामुळे तपासणीला गेले की मी आधी दारं बघायची, मग बाकीचं.

राहायला मुलुंडला आणि लिफ्टा बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, पर्समधून टॉर्च आणि पाना काढायचा आणि केबिनच्या टपावर चढायचं. सोसायटीचे सेक्रेटरी सुरुवातीला माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. "साहेब मागून येतायत का?"

"साहेब आलेत," मी म्हणायची. "गच्चीची चावी आणा."

बोरिवलीच्या एका सोसायटीने लिफ्टमध्ये गणपतीच्या फोटोपुढे खरोखरचं तुपाचं निरांजन लावलेलं होतं, तेही प्लायवूडच्या फळीवर. मी म्हटलं, बाप्पा राहू दे, निरांजन बाहेर. तर कमिटीतल्या एक आजी म्हणाल्या, "तू ब्राह्मणाची ना गं?" मी म्हटलं, "मी सरकारची." त्या दिवशी मला चहासुद्धा मिळाला नाही. असे किस्से पुष्कळ आहेत, पण आज मला सांगायची आहे ती दोर नसलेल्या लिफ्टची गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या वर्षात ती समोर आली आणि तिने मला चांगलंच दमवलं.

हिला व्हॅक्यूम लिफ्ट म्हणतात. शहाळ्यात स्ट्रॉ घालून आपण ओढतो तेव्हा पाणी वर येतं ना, तसंच. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा एक उभा नळा, आत एक किंवा दोन माणसांची गोल केबिन आणि नळ्याच्या डोक्यावर पंप. पंप वरची हवा ओढून घेतो, की खालची हवा केबिनला वर ढकलते. उतरायचं असलं की झडप थोडी उघडायची, वर हवा येते, केबिन हळूहळू खाली. दोर नाही, वजनाचे ठोकळे नाहीत, वर मशीनची खोली नाही आणि खाली खड्डाही नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा. नेहमीच्या लिफ्टला जमिनीत खड्डा लागतोच.

माझी हिची पहिली गाठ पडली घाटकोपरला. जुनी चार मजली सोसायटी, बारा बिऱ्हाडं, निम्मी सत्तरीच्या पुढची आणि लिफ्ट नाही. चेअरमनना कुणीतरी माहितीपत्रक दिलेलं. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत नळा बसवायचा, चार दिवसांत काम तमाम.

मी नाही म्हणाले. अशी लिफ्ट एका कुटुंबाच्या घरात ठीक आहे. जिथे बारा बिऱ्हाडं, पाहुणे, दूधवाला, कुरिअरवाला दिवसभर वरखाली करणार, जिथे वेळ आली तर आजाऱ्याला झोपवून न्यावं लागणार, तिथे सामाईक लिफ्ट म्हणून नियम तिला मान्यता देत नाहीत. त्यात स्ट्रेचर सोडा, चाकाच्या खुर्चीतला माणूसही नीट मावत नाही. आणि नळा बसवला की जिना इतका अरुंद होणार, की आग लागली तर धावायचं कुठून?

चेअरमन भडकले. "मॅडम, तुम्हाला म्हाताऱ्या माणसांचं काही पडलंय की नाही?"

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर होते. ते भांडले नाहीत. खिडकीतून पिशवी सोडून भाजी वर ओढून घेत होते, तेवढं थांबवून म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण मी आता खाली कधी येणार ते सांगा." बाहेरच्या बाजूने नेहमीची लिफ्ट बसवा, परवानगीसाठी मी स्वतः मदत करते, असं मी लिहून दिलं. वर्गणीवरून त्यांची भांडणं काही मिटली नाहीत आणि लिफ्ट आजतागायत झालेली नाही. माझा निर्णय चूक होता असं मला अजूनही वाटत नाही. तरी घाटकोपरला गेले की त्या गल्लीतून जायचं मी टाळते.

त्यानंतर काही महिन्यांनी एक निनावी अर्ज आला. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेला जो कोळीवाडा आहे, तिथल्या एका घरात विनापरवाना लिफ्ट चालू आहे, कारवाई व्हावी.

गेले. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून पाटी घेतलेली बाई आली तर आपण भिंतीला चिकटायचं. घर तीन मजली, एकावर एक एकेक खोली. वरच्या दोन्ही मजल्यांना गोल भोक पाडून त्यातून चकचकीत नळा वर गेलेला. घराचा मालक हरेश्वर, एका शिपिंग कंपनीत नोकरीला. तो हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, लायसन लागतं मला खरंच माहीत नव्हतं. फ्रिज, एसी घेतो तशी घेतली ना. कंपनीवाला बोलला, घरातलं मशीन आहे, परवानगीबिरवानगी कायपण नाय."

ही चूक पुष्कळांची होते. लिफ्ट घरातली असो की मॉलमधली, बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी लायसन लागतंच. मी मेन स्विचला तार ओवली, शिशाचं सील दाबलं आणि पंचनामा लिहायला घेतला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"कोन आयलाय रं?"

मी वर गेले. जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. दुसऱ्या मजल्यावर हरेश्वरची आई, मथुराबाई, पलंगावर बसलेली. सत्तरीची, अंगाने दणकट, बाजूला वॉकर. गेल्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सपाटीवर ती चालायला लागली, पण तो जिना काही तिला उतरता येईना. तळमजल्यावर जाळी आणि बर्फाच्या पेट्या, उधाणाला तिथे घोटाभर पाणी शिरतं, त्यामुळे तिथे झोपायची सोय नाही. खड्डा खणावा तर तोही पाण्याने भरणार. म्हणून लेकाने ही बिनखड्ड्याची लिफ्ट शोधून काढली होती. नऊ महिने वर बसलेली बाई जेमतेम तीन दिवस खाली उतरली होती, आणि चौथ्या दिवशी मी सील घेऊन हजर.

"तू बंद केलीस?" तिने विचारलं.

"हो."

"मंग आता माजा ओटा जातं."

हरेश्वरने समजावून सांगितलं. मासळी बाजारात तिचा ओटा, आधी सासूचा होता. बाजारातल्या बायकांचा रिवाज असा, की कुणी आजारी पडली तर शेजारीण जागा राखते. पण नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीचा नवा हंगाम सुरू झाला, की पहिल्या दिवशी जिची तिने येऊन बसायचं. सुनेने नाही, लेकीने नाही. नाही बसली, तर तिने धंदा सोडला असं धरतात आणि जागा दुसरीला जाते. सून शाळेत शिक्षिका, तिला मासळीचा वास सहन होत नाही. म्हणजे या घराचा धंदा मथुराबाईबरोबर संपणार. तेव्हा जून निम्मा सरला होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी दोघांनी उचलून खाली नेलं तर?"

मथुराबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझीच लाज वाटली. "एक दिस उचलतील. रोज कोन उचलंल? आनि मी क मयत हाय, चौघांनी उचलाला?"

घरी जाताना आरेमार्गे जाणारी बस पकडली आणि सगळ्या वाटेवर तेच डोक्यात. बेकायदा होती म्हणून बंद केली, इथपर्यंत ठीक. पण कायदेशीर होऊ शकते का, हे बघणंही माझंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरला बोलावून रीतसर अर्ज भरून घेतला. तो अर्ज पहिल्याच टेबलावर अडकला. छापील फॉर्ममध्ये एक रकाना होता, दोरांची संख्या व जाडी. हरेश्वरने प्रामाणिकपणे 'शून्य' लिहिलेलं. क्लार्कने शेरा मारला, 'दोर नाहीत, सबब धोकादायक.' मी हसले. आमचे साहेब हसले नाहीत.

"बाई, दोर नाही ती लिफ्ट कसली? आणि घाटकोपरला तुम्हीच नाही म्हणालात ना? आता कोळीवाड्यात कशी चालते?"

"तिथे बारा कुटुंबं होती साहेब. इथे एक आहे."

"रिटायरमेंटला किती राहिलेत?"

"सात महिने."

"मग कशाला डोक्याला ताप करून घेताय? फाइल राहू दे. जो पुढे येईल तो बघेल."

फाइल राहिली असती तर मला कुणी काही बोललं नसतं. माझ्यानंतर येणाऱ्याने ती फेब्रुवारीत उघडली असती आणि मथुराबाईचा ओटा ऑगस्टमध्येच गेला असता. मी कायद्याचं पुस्तक काढलं. लिफ्ट म्हणजे काय, ही व्याख्या मी नोकरीच्या परीक्षेसाठी पाठ केली होती, त्यानंतर कधी नीट वाचली नव्हती. विजेवर चालणारी, उभ्या दिशेने वरखाली जाणारी, केबिन असलेली यंत्रणा, एवढाच तिचा अर्थ. दोराचं नावसुद्धा नाही! म्हणजे ही लिफ्टच, आणि लिफ्ट आहे म्हणूनच तिला लायसन मागायचा हक्कही आहे.

मग मी एकेक नियम घेतला आणि तो मुळात कशासाठी केलाय ते समोर लिहिलं. दोरांचे नियम कशासाठी, तर केबिन पडू नये म्हणून. इथे केबिनखाली हवेची उशी आहे, आणि वर अचानक हवा शिरली तर ब्रेक रूळ पकडतात. वीज गेली तर? साध्या लिफ्टमध्ये माणूस अडकतो. ही मात्र आपोआप सावकाश तळाला येऊन दार उघडते. दाराला कुलूप, आत फोन, धोक्याची घंटा, दिवा, सगळ्याचे दाखले कंपनीकडून मागवले. मजल्याला पाडलेल्या भोकाने घर कमकुवत झालेलं नाही याचा इंजिनिअरचा दाखला घेतला. जिना मोकळा ठेवायचा, एकाच कुटुंबाने वापरायची, दोनशे किलोच्या वर वजन नाही, या अटी घातल्या. अकरा पानांची टिपणी झाली. खाली लिहिलं, प्रत्यक्ष चाचणी माझ्यासमोर होईल आणि त्याची जबाबदारी माझी.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "चाचणीत एक जरी गोष्ट चुकली, तर परत माझ्याकडे यायचं नाही," म्हणाले आणि सही केली.

चाचणीची तारीख मिळाली ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची. त्याच्या आत मिळेना. चाचणीत पूर्ण वजन भरून लिफ्ट चालवून बघायची असते. माणसं भरून चालत नाही, कारण पडलीच तर वजनं पडावीत. कंपनीचा इंजिनिअर मेनन लोखंडी वजनं टेंपोत घालून निघाला आणि दिंडोशीजवळ टेंपो बंद पडला. फोन आला, आज काही होत नाही, पुढच्या आठवड्यात करू. तो स्वतः रिक्षा करून आला, पण मोकळ्या हातांनी.

हरेश्वर म्हणाला, "वजनच पाहिजे ना मॅडम? पाच मिनिटं द्या."

त्याने आणि शेजाऱ्यांनी बर्फ आणला. कोळीवाड्यात वजनदार वस्तू म्हटलं की बर्फच आठवणार. मासळीच्या काट्यावर मोजून बरोबर दोनशे किलो क्रेटमध्ये रचला. काटा खरा आहे ना, म्हणून आधी मी स्वतः त्यावर उभी राहिले. माझं वजन सगळ्या गल्लीने वाचलं आणि कुणीतरी खुशाल मोठ्याने सांगितलंसुद्धा.

आधी मी दारं तपासली, मग फोन, मग घंटा. मला घाई करता येत नाही. त्यात तासभर गेला. मग बर्फ चढवला, मेननने बटण दाबलं आणि केबिन घूं करत वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केबिन खाली आली तेव्हा तळाशी पाण्याचं थारोळं आणि गल्लीभर ओघळ. माझी सवय अशी, की वजन आधीही मोजायचं आणि नंतरही. मोजलं तर चौदा किलो कमी.

"ही चाचणी धरता येणार नाही," मी म्हणाले.

हरेश्वरचा चेहरा उतरला. "मॅडम, चौदा किलोने काय होतंय यार?"

काय होतं ते मलाही माहीत होतं. बहुतेक काहीच झालं नसतं. पण मी त्या कागदावर दोनशे लिहिणार होते, आणि जे बघितलं नाही ते लिहायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी नोकरी उभी होती. मीच बंद केली आणि आता मीच नापास करून निघणार.

वरून मथुराबाईचा आवाज कडाडला. ती खिडकीत येऊन उभी होती. "अरं येरझव्यांनो, बरफ कला भरताव? जाल्याचं शिसं आना!"

पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे जाळी शिवायला घरोघरी काढलेली. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याला खाली शिशाच्या गोळ्या ओवतात. आणि शिसं म्हणजे मूठभर जागेत किलोने वजन. दहा मिनिटांत गल्लीतल्या बायका पाट्या घेऊन बाहेर पडल्या. कुणी सुट्या गोळ्या आणल्या, कुणी माळाच्या माळा सोडवून आणल्या. हंगामासाठी तयार झालेली दोन जाळी तर उसवली. मी म्हटलं, अहो परवापासून मासेमारी आहे, तर ती बाई म्हणाली, "शिवू रातच्याला. मथुराचा ओटा मोठा की जालं मोठं?"

काट्यावर दोनशे किलो भरलं, वर एक गोळी जास्त. केबिन भरली. गेली वर, आली खाली. मधेच मी मेन स्विच पाडला. घूं थांबलं. केबिन क्षणभर थबकली आणि अलगद उतरत तळाला आली, दार आपोआप उघडलं. शेवटची परीक्षा ब्रेकची. केबिन वर असताना मेननने माझ्या सांगण्यावरून वरची झडप एकदम पूर्ण उघडली. सूं करून हवा आत घुसली, केबिन चार बोटं घसरली, खट् आवाज झाला आणि जागीच अडकली. मी टॉर्च मारून ब्रेकचे दात रुळात बसलेले स्वतः बघितले. शिसं परत मोजलं, दोनशे आणि ती एक गोळी.

तिथेच, बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसून मी सही केली. सगळ्या नोकरीत हजारो सह्या केल्या असतील, पण इतक्या आनंदाने केलेली ती एकच. सील मी स्वतः तोडलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची सुट्टी, म्हणून ऑफिसात जाऊन साहेबांपुढे त्याच दिवशी कागद ठेवला. त्यांनी लायसनवर शिक्का मारला आणि फॉर्ममधल्या दोरांच्या रकान्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लागू नाही.'

हंगाम सुरू झाला त्या सकाळी तिथे जायचं मला काही कारण नव्हतं. पण गेले. गल्ली गच्च भरलेली. पारदर्शक नळ्यात आधी दिसली पावलं, मग हिरव्या लुगड्याचा काठ, मग वॉकर धरलेले हात, आणि मग नथ घातलेला चेहरा. दार उघडलं. मी पुढे झाले, अभिनंदन वगैरे म्हणणार होते. मथुराबाई म्हणाली, "बाजूला सर गो बाय, येल झायली," आणि रिक्षाकडे चालू लागली.

तासाभराने मी बाजारात गेले. ती आपल्या ओट्यावर बसलेली, आजूबाजूच्या बायका तिला चिडवत होत्या आणि ती सगळ्यांना पुरून उरत होती. मला बघितल्यावर तिने शेजारणीला कोपर मारलं.

"ही बाय बघ. हिनंच माजी लिप बंद केलेली."

शेजारीण माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायला लागली. मथुराबाईने कोयत्यावर सुरमई आडवी केली.

"आनि हिनं बंद करून मंग चालू केली ना, म्हनून सांगताव," ती म्हणाली, "आता कोनाच्या बापाला ती बंद कराला जमाचा नाय."

नियम कशासाठी असतात, हे मी नव्या इन्स्पेक्टरांना वर्षानुवर्षं शिकवत आले. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.